वाचकांचे प्रश्न : सोमवार ते शनिवारची साक्ष

ख्रिस्ती विश्वास कामधंद्यात, शेजारात आणि घरात कसा जगावा, ह्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ह्या अंकासाठी निवडली आहेत. तीन इंदूरची आहेत, एक देवासचे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला पेच मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, अनेकांचा आहे आणि व्यासपीठावरून त्यावर क्वचितच बोलले जाते.

प्रश्न : ख्रिस्तात सप्रेम सलाम. मी सियागंजातील एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. आमच्या मंडळीतला एक गट दर रविवारी दुपारी सुवार्तेची पत्रके वाटायला जातो, आणि जे जात नाहीत त्यांना सेवेची आस्था नाही, असे आडून सुचवले जाते. मला आठवड्यातून एकच सुट्टी मिळते आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. दुसरीकडे शेठजी मला अधूनमधून, माल आलेलाच नाही अशा खरेदीची बिले नोंदवायला सांगतात. नोकरी जाईल ह्या भीतीने मी ती नोंदवते. पत्रके न वाटणे हे माझे पाप, की ही बिले नोंदवणे?
— एक भगिनी, इंदूर

उत्तर : आपण प्रश्न ज्या शब्दांत विचारला आहे, त्यावरून उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे दिसते, तरीही ते कारणांसह सांगतो.

पहिली गोष्ट रविवारच्या दुपारची. सासूबाईंना जेवू घालून, त्यांची पाठ पुसून त्यांच्याजवळ बसणाऱ्या सुनेला सेवेची आस्था नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचावा. घरच्यांची काळजी न घेणाऱ्याविषयी पौलाने तेथे जे शब्द वापरले आहेत, ते अविश्वासी माणसाविषयीही त्याने सहसा वापरलेले नाहीत. पत्रके वाटण्याला माझा विरोध नाही. ज्यांना वेळ आहे, बोलण्याची हातोटी आहे आणि समोरच्याचे ऐकून घेण्याची तयारी आहे, त्यांनी ते अवश्य करावे. परंतु साक्षीचा तो एक प्रकार आहे, साक्षीचे मोजमाप नव्हे.

सुवार्ताकार्य म्हणजे घर सोडून कोठेतरी जाणे, ही समजूत आपल्याकडे मिशनरी काळापासून रुजली आहे आणि तिचे कारणही उघड आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे पहिले लोक १८७७ मध्ये इंदुरात आले तेव्हा त्यांना समुद्र ओलांडून यावे लागले होते. त्यांचे मिशन खरोखरच प्रवासाने सुरू झाले. मात्र त्याच मिशनने १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू केले, आणि तेथले काम म्हणजे रोज वेळेवर वर्गात जाणे, शिकवणे आणि वह्या तपासणे हेच होते. आपण आणि मी तर येथेच जन्मलो. आपल्याला कोणी कोठे पाठवण्याची गरज नाही. सियागंजच्या पेढीत आपण आधीच पोहोचलेल्या आहात.

आता बिलांविषयी. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि आम्ही काय करावे, असे विचारतात. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करायचे आणि वरचे स्वतःकडे ठेवायचे, ही त्या धंद्याची रूढ रीत होती. योहान त्यांना अरण्यात राहायला सांगत नाही, उपासांची यादी देत नाही आणि उपदेश करत फिरायलाही लावत नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगतो. पश्चात्तापाचे फळ त्याने थेट हिशेबाच्या वहीत मागितले. यरीहोच्या जक्कय नावाच्या जकातदाराची कथाही अशीच आहे. येशू त्याच्या घरी जेवायला गेल्यावर त्याने लोकांकडून लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले; त्याला नाक्यावरची जागा सोडायला सांगितल्याचा उल्लेख मात्र नाही. मत्तय मात्र येशूने बोलावल्यावर जकातीच्या नाक्यावरून उठला आणि परतला नाही. म्हणजे राहून सुधारणे आणि उठून जाणे हे दोन्ही मार्ग शास्त्रात आहेत. तिसरा, म्हणजे राहायचे आणि डोळे मिटून लिहीत राहायचे, हा मात्र मला कोठे आढळला नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. माल प्रत्यक्ष न देता-घेता बिल काढणे आणि त्यावर कराची वजावट मिळवणे हा जीएसटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि रकमेनुसार त्याला तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे. चौकशी आली म्हणजे 'शेठजींनी सांगितले' एवढे उत्तर पुरेलच असे नाही, कारण नोंद आपल्या हातची असते. हे सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. नोकरी जाण्याची भीती आपण मोजली आहे, तशी दुसरी बाजूही मोजावी, एवढेच म्हणणे आहे.

नकार कसा द्यावा, हा खरा अवघड भाग आहे. शेठजींना एकटे गाठून, आवाज न चढवता सांगावे की ह्या नोंदी माझ्याने यापुढे होणार नाहीत, बाकीचे काम मी पूर्वीपेक्षा चोख करीन. त्या वेळी वचने ऐकवू नयेत. आपला विश्वास शेठजींना ठाऊक असेलच. नसेल तर पुढे ते स्वतः विचारतील. बोलण्यापूर्वी दुसऱ्या नोकरीची चौकशी शांतपणे सुरू करावी. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे, शहाणपण आहे. आपला पगार बंद झाल्यास दोन-तीन महिने आपल्या घरी किराणा पोहोचवणे हे मंडळीचे काम आहे, आणि ज्यांना सेवेची आस्था आहे त्यांना ही संधी मिळावी म्हणून पाळकसाहेबांना आधी विश्वासात घ्यावे.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपण नकार दिल्यावर तीच बिले बाजूच्या टेबलावरच्या नव्या मुलाकडे जाण्याचा संभव आहे. आपले हात स्वच्छ राहिले आणि त्याचे मळले, तर साक्ष अर्धीच झाली. तो मुलगा कदाचित आपल्याइतका कायदा जाणत नसेल आणि नाही म्हणण्याइतका धीटही नसेल. नोंद कशाची आहे आणि तिचा अर्थ काय होतो, हे त्याला समजावून सांगणे आपल्याला शक्य आहे. पुढचा निर्णय त्याचा.

आणि हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या हातात बिलांपेक्षा मोठी गोष्ट असते, ती म्हणजे मजुरी. सियागंजात दिवसभर पोती वाहणाऱ्या हम्मालांची हजेरी, त्यांची उचल, त्यांचे कापलेले पैसे हे सारे कोणीतरी लिहीत असते. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असा स्पष्ट नियम लेवीय पुस्तकात आहे. याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत जाते. शनिवारी संध्याकाळी शेठजी निघून जाण्यापूर्वी हम्मालांच्या चिठ्ठ्या तयार ठेवणे, एखाद्याचा हिशेब चुकला असेल तर तो त्याला वाचता येत नसला तरी दुरुस्त करणे, उचल नेमकी किती फिटली हे त्याला तोंडी सांगणे, ही कामे आपल्या अधिकारात आहेत आणि त्यांसाठी कोणाची परवानगी लागत नाही. टेबलावर वचनांचे कॅलेंडर आहे आणि त्याच टेबलावर हम्मालाचे पैसे लटकले आहेत, असे दृश्य असेल तर कॅलेंडर काढून ठेवलेले बरे.

प्रश्न : आम्ही सुदामा नगरात राहतो. आजूबाजूची बरीच कुटुंबे मराठी आहेत, संबंध फार घरोब्याचे आहेत. गणेशोत्सवात वर्गणी मागतात, आरतीला बोलावतात, प्रसाद घरी पाठवतात. आजवर मी जमेल तसे निभावले. पण आता सून सांगते की प्रसाद घेणे म्हणजे विश्वासाशी द्रोह आहे, आणि मंडळीतले काही जण तिला दुजोरा देतात. शेजाऱ्यांना तोडावे काय?
— एक निवृत्त वाचक, इंदूर

उत्तर : तोडू नये. हा प्रश्न नवा नाही; करिंथच्या मंडळीने जवळजवळ हाच प्रश्न पौलाला विचारला होता. तेथे बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा देवळात अर्पण झालेले असे आणि जेवणाची आमंत्रणे तर रोजची होती. पौलाचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा व पुढ्यात येईल ते खा, ही पहिली पायरी. हे अर्पण केलेले आहे, असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, ही दुसरी. देवळात होणाऱ्या अर्पणात सहभागी होण्याला मात्र त्याने स्पष्ट नकार दिला आहे. मंडळीतले लोक बहुधा शेवटचे वाक्य ऐकतात, आणि ज्यांना सवलत हवी असते ते पहिले.

प्रसाद म्हणून आलेली वस्तू घ्यावी की नाही, ह्यावर प्रामाणिक ख्रिस्ती माणसांत मतभेद आहेत, आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे त्यांनी एकमेकांना ह्यावरून दोषी ठरवू नये. माझे स्वतःचे मत असे की पूजेत, आरतीत आणि संकल्पात आपण सहभागी होऊ नये. मंडपाच्या विजेच्या खर्चाला, मुलांच्या स्पर्धांना किंवा रक्तदान शिबिराला मात्र मोकळ्या मनाने हातभार लावावा आणि वर्गणी देताना ती कोणत्या कामासाठी देतो हे हसून सांगावे. प्रसाद घेणार नसाल, तर तो दारातल्या माणसाच्या हातात परत कोंबू नका. आधीच एखाद्या दिवशी निवांत बसून, आमच्याकडे असे असे आहे, हे सांगून ठेवा. मराठी शेजारी ह्याचा राग धरत नाहीत. उपवासाच्या दिवशी पाहुण्याने कांदा-लसूण नाकारला तर त्याचाही राग कोणी धरत नाही.

सूनबाईंना राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला पाचवा अध्याय वाचायला सांगावा. अरामी सेनापती नामान बरा होऊन इस्राएलाच्या देवाचा उपासक झाला, तेव्हा त्याने अलीशा संदेष्ट्याला एक अडचण सांगितली : माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन त्याच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा व्हावी. अलीशाने त्याला शांतीने जा म्हटले. त्याने परवानगीपत्र दिले नाही आणि शापही दिला नाही.

नाताळात करंज्यांची ताटे सर्वांत आधी त्याच घरांत जाऊ द्या.

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्ण किंवा नातेवाईक, मी ख्रिस्ती आहे हे कळल्यावर, माझ्यासाठी प्रार्थना करा असे म्हणतात. मी केली. त्यावरून एका सहकाऱ्याने तक्रार करण्याची धमकी दिली आणि मध्य प्रदेशातील धर्मांतराच्या कायद्याचा उल्लेख केला. मी घाबरले आहे. आता विश्वास घरी ठेवून कामावर जावे काय?
— एक परिचारिका, इंदूर

उत्तर : प्रथम कायदा. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या मर्यादेत. मध्य प्रदेशात ह्याविषयी १९६८ पासून कायदा होता. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निर्णय दिला की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्या व्यक्तीचे धर्मांतर घडवण्याचा हक्क अंतर्भूत नाही. २०२१ मध्ये राज्याने जुन्या कायद्याच्या जागी अधिक कडक कायदा केला. बळजबरी, फसवणूक, अवाजवी प्रभाव आणि आमिष ह्यांनी होणारे धर्मांतर त्यात दंडनीय आहे; आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी, शिक्षण अशा गोष्टी येतात; आणि धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे, असेही त्यात म्हटले आहे. ह्या कायद्याविषयी माझी मते काहीही असोत, तो लागू आहे. रुग्णाने स्वतः सांगितले म्हणून त्याच्या बरे होण्यासाठी दोन ओळींची प्रार्थना करणे आणि त्याचे धर्मांतर घडवणे ह्या एकच गोष्टी नव्हेत. परंतु तक्रार झालीच तर निकाल येईपर्यंतचा त्रास आपल्यालाच होईल, म्हणून रुग्णालयाचे नियम काय आहेत हे वरिष्ठ परिचारिकेला सरळ विचारून घ्या आणि धमकी प्रत्यक्षात आली तर वकिलाचा सल्ला घ्या.

कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री खाटेवरचा माणूस आपल्या बरोबरीचा नसतो. त्याचे औषध, त्याचे पाणी, त्याची झोप आपल्या हातात असते. आपण काही सुचवले तर नाही म्हणणे त्याला अवघड जाते, आणि आपण सुचवत नसलो तरी त्याला तसे वाटू शकते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. १८८९ मध्ये विधवा आणि मुली ह्यांच्यासाठी त्यांनी ते मुंबईत सुरू केले, पुढच्या वर्षी पुण्याला नेले. धर्म शिकवला जाणार नाही, असे धोरण होते. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार बंद ठेवत नसत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. रमाबाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, आणि स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा त्यांचा हक्क मी मान्य करतो. पण छप्पर, अन्न आणि शिक्षण जिच्या हातून मिळते तिचे उघडे दार आणि शेजारणीचे उघडे दार ह्यांत फरक आहे, आणि त्या वेळच्या टीकाकारांना हा फरक जाणवला होता, हेही मान्य करावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा. आपण होऊन प्रार्थनेचा विषय काढू नये. उशीखाली पत्रक ठेवू नये. कोणी मागितलीच, तर नातेवाईक समोर असताना, थोडक्यात, रुग्णाचे नाव घेऊन, डॉक्टरांच्या हातांसाठी आणि रुग्णाच्या धीरासाठी प्रार्थना करावी, आणि रुग्णाच्या उशाशी असलेला अंगारा किंवा ताईत ह्याबद्दल अवाक्षर काढू नये. तो बरा होऊन घरी गेला आणि महिन्याभराने, तुम्ही त्या दिवशी इतक्या शांत कशा होता, असे विचारू लागला, तर मोकळेपणाने सांगावे. तेव्हा तो आपल्या बरोबरीचा असतो. पेत्राने आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हटले, आणि लगेच सौम्यतेची आणि आदराची अट घातली. विचारणारा आधी आला पाहिजे, हे त्या वाक्यातच आहे.

विश्वास घरी ठेवून जाण्याचा प्रश्न उरतो. तो ठेवता येत नाही. रात्रपाळीत सर्वांत चिडका रुग्ण कोणाच्या वाट्याला येतो, बेवारस माणसाची चादर कोण बदलते आणि तक्रारीची धमकी देणाऱ्या त्या सहकाऱ्याची पाळी अडचणीच्या दिवशी कोण बदलून घेते, ह्यावरून तो दिसतो.

प्रश्न : आमचा तरुण संघ उदयनगरला सिस्टर राणी मारिया ह्यांच्या समाधीस्थळी जाण्याचा विचार करत आहे. आम्ही प्रोटेस्टंट आहोत. ज्येष्ठ मंडळींपैकी काहींना हे पटत नाही. जावे काय?
— तरुण संघाचा एक सदस्य, देवास

उत्तर : अवश्य जावे. संतांच्या मध्यस्थीविषयी आपली शिकवण वेगळी आहे आणि ती तेथे जाऊन बदलत नाही.

ज्या सदस्यांना माहिती नसेल त्यांना निघण्यापूर्वी सांगावे : राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या भगिनी. उदयनगरच्या परिसरात त्यांनी आदिवासी शेतकऱ्यांबरोबर काम केले, बचत गट उभे केले, बँकेकडून कर्ज मिळवण्याची वाट दाखवली आणि सावकारांच्या व्याजातून सुटण्याची हिंमत दिली. ज्यांचा धंदा त्यामुळे बसला त्यांना हे सोसले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, सुपारी घेतलेल्या माणसाने त्यांचा खून केला. २००२ मध्ये राखीपौर्णिमेच्या निमित्ताने त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टर आहेत, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्या खुन्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारिया ह्यांना धन्यवादित, म्हणजे कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आले.

ज्येष्ठांचा आक्षेप समाधीपुढे काय करणार, एवढ्यापुरता असेल, तर तेथे प्रार्थना देवाकडे करायची हे आधी ठरवून त्यांना सांगा. त्यांच्यापैकी एक-दोघांना बरोबरच न्या. सहलीसारखे रविवारी जाऊ नका; कामाच्या दिवशी जा, म्हणजे बचत गटांतल्या बाया भेटतील आणि कर्जाचा अर्ज, हप्ता, जामीन हे प्रत्यक्षात कसे चालते ते त्यांच्याकडून ऐकता येईल. तुमच्या संघात बँकेत काम करणारे कोणी असतील तर त्यांना पुढे बसवा; देवासच्या आपल्या वस्तीत कोणाकोणावर सावकारी कर्ज आहे, ह्याची यादी परतल्यावर त्यांनाच करावी लागेल. जेवणाचा डबा आपापला न्यावा, तेथल्या भगिनींवर पंचवीस माणसांच्या स्वयंपाकाचा भार टाकू नये.